हा बांध कोणी घातला?

दक्षिण गोव्यातल्या आमच्या केपे-सांगे भागातल्या कुठल्याही शाळेचं स्नेहसंमेलन घ्या, त्यात कुणबी नृत्य असतंच. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, खांद्यावर मारलेली गाठ, केसांत अबोलीचा वळेसर. गोव्याच्या मूळ रहिवाशांचं नृत्य सादर होत आहे, असं निवेदक सांगतो. मुली मनापासून नाचतात, पालक मोबाइल उंच धरून चित्रण करतात, पडदा पडतो. मला हे नृत्य आवडतं. पण पाचवी ते दहावी आमच्याकडे शिकलेल्या मुलाला गावडा, कुणबी आणि वेळीप या आदिवासी समाजांबद्दल काय माहीत आहे ते विचारा. बहुतेक वेळा कापडाचा रंग आणि नाचाचा ठेका एवढंच हाती लागतं. या लोकांनी इथे काय उभं केलं, कुठल्या जमिनी पिकत्या केल्या, कुठल्या राई राखल्या आणि त्यांच्या हातून काय निसटलं, यावर मूल गप्प होतं. तिसऱ्या बाकावर बसलेलं वेळिपाचं मूलही तितकंच गप्प असतं, हे मला जास्त लागतं.

मी माध्यमिक शाळेत मराठी आणि समाजशास्त्र शिकवते. आदिवासी समाजाचा इतिहास मुलांना शिकवायचा तर तो कामापासून शिकवावा, असं माझं आता पक्कं मत आहे. बांध, शेत, राय, झर, हत्यार यांच्यापासून सुरुवात करावी. वेश आणि नाच मागाहून येऊ देत. तोवर त्यांच्या मागे माणसं उभी राहिलेली असतात.

पाठ्यपुस्तकातला गोव्याचा इतिहास राजवटींच्या क्रमाने चालतो. भोज, शिलाहार, कदंब, विजयनगर, आदिलशाही, मग १५१० साली आलेले पोर्तुगीज आणि १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती. हा क्रम यायलाच हवा, मी तो घोटून घेते. पण भोजांची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर, वसली तेव्हा आसपासच्या जमिनी कोणीतरी आधीच कसत होतं. राजे सारा घेत होते याचा अर्थ सारा देण्याइतकं पीक कोणीतरी काढत होतं. त्या ‘कोणीतरी’ला वर्गात आणायचं तर पुस्तक मिटून बाहेर पडावं लागतं. आमच्या सुदैवाने बाहेर फार लांब जावं लागत नाही.

रिवणच्या पुढे उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडाचा मोठा सपाट खडक आहे. त्यावर शंभराहून अधिक आकृती कोरलेल्या आहेत. वशिंडाचे बैल, हरणं, मोर, नाचणारी बाई आणि एकात एक वळत जाणारा चक्रव्यूह. १९९३ साली गोव्याच्या पुरातत्त्व खात्याचे डॉ. पी. पी. शिरोडकर यांच्या पथकाने या चित्रांचा शोध लावला, असं माहितीफलकांवर आणि लेखांत असतं. पथकाला तिथे नेलं ते गावकऱ्यांनी. मुलांना मी दोन्ही गोष्टी सांगते. शास्त्रशुद्ध नोंद झाली नसती तर हा खडक खाणीच्या मातीखाली कधीच गेला असता, त्यामुळे त्या पथकाचे उपकार मोठे आहेत. आणि गावातल्या माणसांच्या नजरेत तो खडक आधीपासून नसता तर पथकाला वाट कोणी दाखवली असती?

तिथे गेल्यावर मी लगेच बोलायला सुरुवात करत नाही. सकाळचं तिरकं ऊन खडकावर आलं की कोरलेल्या रेषा आपोआप उठून दिसतात. मुलं आधी पळतात, मग वाकतात, मग गुडघ्यांवर बसतात. सहलीत एक-दोन तरी मुलं अशी निघतात की वर्गात ज्यांचं तोंड उघडत नाही, ती इथे मास्तर होतात. गुरांमागे फिरणारा एक मुलगा बैलाच्या शिंगांची वळणं बघून म्हणाला की कोरणाऱ्याने हा बैल बाजूने बघितलाय, आणि तोही चालता. आम्ही सगळे पुन्हा वाकलो. खरंच, पाय चालते होते. एकाचे वडील चिरेखाणीवर कामाला होते. लोखंड नसताना एवढ्या कठीण दगडात कोरलं कसं, असं कोणीतरी विचारल्यावर उत्तर त्याच्याकडून आलं. जमिनीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, वाऱ्या-उन्हाला लागला की घट्ट होतो. भूगर्भशास्त्राचं पुस्तक हेच सांगतं, फक्त या मुलाने ते बापाच्या हाताकडे बघून शिकलं होतं. त्या दिवशी मी फळ्याशिवाय जेवढं शिकवलं तेवढं फळ्यावर कधी जमलं नाही.

चित्रं किती जुनी, हा प्रश्न हमखास येतो. काही अभ्यासक ती मध्याश्मयुगाच्याही मागे नेतात, काही त्यांना बरीच अलीकडची मानतात. एकमत नाही, आणि ते नाही हे मी मुलांना स्पष्ट सांगते. वशिंडाचा बैल पाळीव असेल तर काळाबद्दल काय अंदाज बांधता येईल? माणसाच्या हातात हत्यार दिसतं का? चक्रव्यूहासारखी आकृती जगात इतरत्रही सापडते, मग आपण तिच्यावरून काय म्हणू शकतो आणि काय म्हणू शकत नाही? आठवीतली मुलं यावर तावातावाने भांडतात. मला ते भांडण हवं असतं. ही चित्रं आजच्या वेळिपांच्याच पूर्वजांनी काढली असं सिद्ध करणारा पुरावा आपल्याकडे नाही. अभिमानाच्या भरात तसं ठोकून द्यायचा मोह कार्यक्रमांतल्या वक्त्यांना होतो. वर्गात तो टाळावा. त्या समाजाच्या मुलांना अभिमान वाटावा म्हणून कच्च्या पुराव्यावर उभं करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पक्क्या पुराव्याच्या गोष्टी भरपूर आहेत.

अशाच चित्रांचे नमुने काजूरला आणि उत्तरेला सत्तरीत झरमे नदीच्या पात्रातही आहेत. आणि कुर्डीची मातृदेवी आहे. जांभ्या दगडात घडवलेली ती भली मोठी मूर्ती मूळ जागेवर आता नाही. साळावली धरणासाठी कुर्डी गाव बुडाला, माणसं वाडे आणि वालकिणीला गेली, मूर्ती वेर्ण्याला हलवली. एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरतं तेव्हा गावाची जोती वर येतात आणि जुने रहिवासी सोमेश्वराच्या देवळाकडे आणि कपेलाकडे जमतात. दक्षिण गोव्याच्या घराघरांत नळाला येणारं पाणी त्या गावावरून येतं. वारसा जपणं म्हणजे काय, यावर मी वेगळं व्याख्यान देत नाही. नकाशावर कुर्डी, वाडे, वालकिणी आणि वेर्णा ही ठिकाणं मुलांनाच जोडायला लावते.

पण माझा सगळ्यात लाडका धडा खाजनाचा आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आमच्या गोव्यात भातशेतीचे तीन थर: डोंगरउतारावरचं मोरड, मधलं खेर आणि खाडीकाठचं खाजन. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यातून आणि खारफुटीतून काढून घेतलेली जमीन. अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन गोव्यात आहे. समुद्रसपाटीला लागून, काही ठिकाणी भरतीच्या रेषेच्याही खाली. बाहेर खारं पाणी, आत भात, आणि मध्ये चिकणमाती, पेंढा आणि चिरे यांचा बांध. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी लाकडी दारांची मोरी, असते. मुलांना मी साळ नदीच्या अंगाला असोळणा-चिंचोणे भागात नेते आणि त्या दारांसमोर उभं करते. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब दारांवर येतो आणि ती बंद होतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. मोटार नाही, वीज नाही, राखणदारही सतत लागत नाही. चंद्र आणि पाणी मिळून ही दारं उघडतात आणि मिटतात. विज्ञानाच्या सरांना मी मुद्दाम सोबत घेते, कारण दाबाचा धडा इथे जसा समजतो तसा प्रयोगशाळेत समजत नाही. खारं पाणी थोडंफार आत आलंच तरी तगून राहणारं कोरगुटाचं भात या जमिनीसाठीच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलं. आतल्या पोयींत, म्हणजे पाणी साठणाऱ्या खोलगट जागांत, मासळी वाढते आणि मानसावर जाळं लावून ती धरतात. भात आणि मासे एकाच जमिनीवर.

मग मी विचारते, हा बांध कोणी घातला?

पहिलं उत्तर येतं, राजाने. दुसरं येतं, पोर्तुगिजांनी. पोर्तुगीज १५१० मध्ये आले आणि १५२६ साली अफोंसो मेशिया या त्यांच्या अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांच्या चालत आलेल्या रूढी ‘फोराल’ नावाच्या दस्तात लिहून काढल्या. म्हणजे गावची जमीन एकत्र सांभाळणाऱ्या ग्रामसंस्था, गावकाऱ्या, त्याच्या आधीपासून होत्या, जमिनी लिलावाने कसायला दिल्या जात होत्या, बांधांची डागडुजी गावाच्या उत्पन्नातून होत होती, उरलेल्यातून गावकारांना, म्हणजे त्या संस्थांच्या सभासदांना, जोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, मिळत होता. पोर्तुगिजांनी ही व्यवस्था मोडली नाही, वर कर बसवला आणि तिला कोमुनिदाद म्हटलं. आमच्या वर्गात ज्यांच्या घरी अजून जोण येतो अशी मुलंही असतात. त्यांचे डोळे इथे चमकतात.

पण प्रश्न इथेच संपवला तर अर्धंच उत्तर मिळतं. गावकार म्हणून कागदावर कोणाचं नाव लागलं आणि चिखलाच्या टोपल्या कोणाच्या डोक्यावर होत्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचेच, १९०७ साली कोसंबे गावात जन्मले. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ग्रामसंस्थेवर त्यांनी अभ्यास केला आणि गावगाड्यातल्या वरच्या थरांखाली आधीचे कसणारे दिसतात हे दाखवायचा प्रयत्न केला. अनेक गावांत देवाच्या उत्सवाला पहिला मान अजून गावड्याचा किंवा वेळिपाचा असतो, जल्मी, म्हणजे त्या जागेचा मूळ मानकरी, तोच असतो. जमीन दुसऱ्याच्या नावे गेली, पण देवाने आधी कोणाला ओळखलं ते गाव विसरलं नाही. सातेरी देवीच्या देवळात रोयण, म्हणजे वारूळ, पुजतात. जमीन हीच देवी मानणाऱ्या लोकांची ती पूजा आहे आणि ती आता सगळ्यांची झाली आहे. देवळात जाणाऱ्या प्रत्येक मुलाने रोयण बघितलेली असते. तिच्याकडे इतिहास म्हणून बघायला त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

खाजनाच्या बांधावर उभं राहून हे बोलता येतं, कारण पायाखालची माती पुरावा देत असते. कुर्ल्यांनी पाडलेलं भोक दोन भरत्यांत बुजवलं नाही तर शेत जातं. म्हणजे रात्री-अपरात्री कोणीतरी इथे उतरत होतं. मुलांना ते लगेच पटतं. त्यांच्यातल्या काहींचे आजोबा उतरत होते.

धर्माचा विषय आमच्या वर्गात जपून काढावा लागतो, पण टाळून चालत नाही. गावड्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि १९२८ साली विनायक महाराज मसूरकर यांच्या शुद्धी चळवळीतून परतलेले नवहिंदू आहेत. तिन्ही घरांतली मुलं एका बाकावर बसू शकतात. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानाने लग्नातली गाणी आणि विड्याचं पानसुद्धा बंद करायला सांगितलं होतं, तरी पुष्कळ काही टिकलं. ते कसं टिकलं हे या तिघांच्या आयांनी एकत्र बसून सांगितलं तर कळतं. मी कोण बरोबर आणि कोण चूक हा निवाडा करत नाही. कापड कसं नेसायचं, पेरणीला काय म्हणायचं, नव्याचं भात कसं आणायचं, एवढंच विचारते, आणि तीन घरांतली उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिते. पुढचं मुलं वाचतात.

धालो या बायकांच्या गाण्या-नाचाबद्दल मात्र आमच्या शाळेने एक निर्णय घेतला आणि मला तो फार मोलाचा वाटतो. धालो पौषात, रात्री, मांडावर, फक्त बायकांचे. मांड ही राखलेली, पवित्र जागा असते. काही वर्षांपूर्वी संमेलनात धालो बसवायची टूम निघाली तेव्हा मांडाची मानकरीण असलेल्या एका आजीला आम्ही बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, “टीचर, फुगडी घाला, हवं तेवढी घाला. मांडावरचं मांडावरच असू दे.” त्यावर स्टाफरूममध्ये थोडी चर्चा झाली. संस्कृती दाखवली नाही तर टिकेल कशी, असं काहींचं म्हणणं होतं. मला आजीचं पटलं. एखाद्या समाजाकडून शिकायचं तर त्याने ‘इथपर्यंतच’ म्हटलेलं ऐकणं हाही त्याच शिकण्याचा भाग आहे. आता पौषात ज्या मुलींच्या घरचे धालो असतात, त्यांना दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तरी आम्ही हजेरी लावतो.

सगळ्यात अवघड भाग अगदी अलीकडच्या इतिहासाचा. पुस्तक १९८७ च्या घटक राज्यापाशी थांबतं आणि ज्या मुलांच्या आयुष्यावर त्यानंतरच्या गोष्टींचा परिणाम झाला, त्यांना काहीच सांगत नाही. १९६८ साली गोवा, दमण आणि दीवसाठी अनुसूचित जमातींची यादी झाली. त्यात धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली होते. हे लोक मुख्यतः दमणच्या बाजूचे. गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ च्या जानेवारीत यादीत आले. मुक्तीनंतर चाळीसहून अधिक वर्षं गोव्याचे आदिवासी कागदावर आदिवासी नव्हते. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या १,४९,२७५ भरली, राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडी जास्त. त्याच वर्षी २५ मे रोजी हक्कांच्या मागणीसाठी बाळ्ळीला आंदोलन झालं आणि मंगेश गावकर व दिलीप वेळीप हे दोन तरुण त्यात मृत्युमुखी पडले. आमच्या शाळेपासून बाळ्ळी लांब नाही. त्यांच्या स्मृतीच्या प्रेरणा दिनाला गावात फलक लागतात, मुलं ते वाचतात आणि सुट्टीनंतर शाळेत येऊन विचारतात. त्या प्रश्नाला ‘मोठे झालात की कळेल’ असं उत्तर द्यायला मी तयार नाही. मी तारखा सांगते, मागण्या सांगते. विधानसभेत राखीव जागांसाठी संसदेने कायदा करायला २०२५ उजाडलं, हेही सांगते. काही पालकांना हे राजकारण वाटतं. त्यांच्याशी मी बसून बोलते. पोर्तुगिजांविरुद्धचं १७८७ चं पिंटोंचं बंड आणि सत्तरीतल्या राणे घराण्याची बंडं आम्ही शिकवतोच की. माणसं हक्कासाठी उभी राहिली हे शिकवायला किती वर्षं जुनं व्हावं लागतं?

याच धड्यातून गेल्या दोन वर्षांत एक काम सुरू झालंय. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम मी वाचायला घेतले ते मुलांनी विचारलं म्हणून. सांगे, केपे, काणकोण, सत्तरी या तालुक्यांत कितीतरी घरांचे कसत्या वनजमिनीवरच्या हक्काचे दावे वर्षानुवर्षे पडून राहिले आहेत आणि ती घरं आमच्या मुलांची आहेत. नियमांत पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद त्यात आहेतच. शिवाय जमीन सपाट करून घातलेले बांध आहेत, जुन्या विहिरी, दफनभूमी आणि देवस्थानं आहेत, पूर्वज दाखवणारी वंशावळ आहे आणि दावेदार सोडून इतर वृद्ध माणसांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. ते वाचून मी वही खाली ठेवली. आम्ही वर्गात इतिहास म्हणून जे गोळा करत होतो, तेच कायदा पुरावा म्हणून मागत होता.

तेव्हापासून नववीचा प्रकल्प त्या धर्तीवर चालतो. प्रत्येक मूल आपल्या वाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या माणसांशी बोलतं, जमल्यास स्वतःच्या घरातली नसलेल्या. कुमेर, म्हणजे डोंगरावरची फिरती शेती, कुठे करत, नाचणी कुठल्या उतारावर, राय कुठून कुठपर्यंत, झरीला काय नाव, थडी कुठे. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, कोंकणीत सांगितले तर कोंकणीतच लिहायचे. मग गावाचा नकाशा. वर्गात एक धनगराचा मुलगा होता. धनगर-गवळी समाज गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत अजून नाही. त्यामुळे त्याच्या घराला वनहक्क मागायचा तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलात राहिल्याचं दाखवावं लागतं. हे कळल्यावर त्याने दोन माणसांवर भागवलं नाही. आईच्या माहेरच्या वाड्यापर्यंत जाऊन आला आणि गोठ्यांच्या जुन्या जागांची यादी घेऊन आला, झाडांच्या खुणांसकट.

शाळेच्या वहीला कायद्यात स्थान नाही. निवेदन ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे नीट लिहून व्हावं लागतं. म्हणून यंदापासून समितीच्या सदस्यांना आम्ही शाळेत बोलावतो, मुलं त्यांना नकाशे दाखवतात, कोणत्या आजोबांना काय आठवतं ते सांगतात आणि पुढचं लेखन समिती करते. ज्या वाड्यांवर वाचणारं-लिहिणारं मोठं माणूस दिवसा घरी नसतं, तिथे नववीतली मुलं अर्ज वाचून दाखवायला जातात. पुढच्या वर्षी खाजनाकडच्या एका शाळेबरोबर अदलाबदल करायचं ठरतंय. त्यांची मुलं आमच्याकडे राय आणि कुमेर बघायला येतील, आमची त्यांच्या मानसावर जातील, आणि दोन्हीकडचे नकाशे एका भिंतीवर लागतील. बसच्या भाड्याची सोय अजून व्हायची आहे.